तिर्री, सत्ती, एक्का

पीटर्सबर्गमधल्या मालाया मोर्स्काया रस्त्यावर १० क्रमांकाचं एक जुनं घर आहे. तिथे नाताल्या पेत्रोव्हना गोलित्सिना ही दरबारात मोठा दबदबा असलेली वृद्ध प्रिन्सेस राहत असे. अलेक्झांडर पुश्किनने १८३३च्या शरद ऋतूत बोल्दिनो गावी मुक्काम असताना ‘इस्पिकची राणी’ ही कथा लिहिली. १८३४मध्ये ती मासिकात छापून आली आणि कथेतल्या म्हाताऱ्या काउंटेसमध्ये दरबारी मंडळींनी या प्रिन्सेसलाच ओळखलं. पुश्किनने स्वतःच्या रोजनिशीत तशी नोंद केली आहे. जुगारी आता तिर्री, सत्ती आणि एक्क्यावरच पैसे लावतात, हेही त्याने तिथे लिहून ठेवलं आहे. याच रस्त्यावर १३ क्रमांकाच्या घरात, भावाच्या बिऱ्हाडी, १८९३मध्ये प्योत्र चायकोव्हस्कीचं निधन झालं. त्याच्या तीन वर्षं आधी त्याने या कथेची संगीतिका केली होती.

पुश्किनची कथा सहा छोटी प्रकरणं आणि काही ओळींचा उपसंहार एवढीच. एका बैठकीत वाचून होते. चायकोव्हस्कीची संगीतिका तीन अंकांची आणि सात प्रवेशांची, मध्यंतरं सोडून पावणेतीन तासांच्या आसपास चालणारी. आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद चालू असतात आणि मधूनमधून पद येतं. इथे पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत सगळं गायलं जातं. पण या दोन कृतींतलं खरं अंतर लांबीचं नव्हेच. पुश्किन ही गोष्ट कमालीच्या अलिप्तपणे सांगतो. तो कुणाची बाजू घेत नाही, कुणाची कीव करत नाही, भुतावर आपला विश्वास आहे की नाही याचाही पत्ता लागू देत नाही. वाद्यवृंदाला हे जमत नाही. व्हायोलिनने सूर धरला की तो कुणाच्या तरी बाजूने धरलेला असतो. ही कथा गाण्यातून रंगमंचावर आणायची तर तिचा अलिप्तपणा बराचसा सुटणारच. तो कुठे सोडायचा आणि कुठे राखायचा, एवढंच करणाऱ्याच्या हाती उरतं. चायकोव्हस्कीने हा हिशेब आपल्या परीने मांडला, आणि त्याच्यानंतरच्या दिग्दर्शकांनी तो पुन्हा पुन्हा तपासला.

आधी कथा. हेर्मन हा सैन्यातला तरुण इंजिनियर, रशियात स्थायिक झालेल्या जर्मन बापाचा मुलगा. रात्र रात्र जुगाराच्या टेबलाशी बसून बघतो, पण पत्त्याला हात लावत नाही. जास्तीच्या आशेने गरजेपुरता पैसा उधळणं त्याच्या हिशेबात बसत नाही. एका पहाटे त्याचा मित्र टोम्स्की आपल्या आजीची गोष्ट सांगतो: तरुणपणी ती पॅरिसला जुगारात प्रचंड हरली, काउंट सेंट जर्मेनने तिला हमखास जिंकणाऱ्या तीन पत्त्यांचं गुपित दिलं आणि तिने सगळं परत मिळवलं. हेर्मनच्या डोक्यात हे घर करून बसतं. काउंटेसच्या घरी लिझावेता नावाची आश्रित मुलगी आहे. घरात शिरकाव व्हावा म्हणून तो तिच्याशी प्रेमाचं नाटक सुरू करतो. तिला लिहिलेलं पहिलं पत्र त्याने एका जर्मन कादंबरीतून शब्दशः उतरवून घेतलेलं असतं, हे पुश्किन जाता जाता, जराही भाष्य न करता सांगून टाकतो.

मग ती रात्र येते. साडेअकराला हेर्मन घरात शिरतो. काउंटेसच्या शयनगृहात पडद्यामागे दोन दारं आहेत: एक लिझावेताच्या खोलीकडे जाणाऱ्या जिन्याचं, दुसरं अंधाऱ्या अभ्यासिकेचं. तो जिना बघतो, आणि अभ्यासिकेत जाऊन उभा राहतो. माणूस कसा आहे ते एवढ्या एका हालचालीत कळतं. घड्याळात एक वाजतो, दोन वाजतात, गाडी येते. म्हातारी मेजवानीहून परतते, दासी तिचे कपडे उतरवतात. नंतर हेर्मन पुढे होतो, विनवतो, धमकावतो, पिस्तूल काढतो. ती भीतीनेच मरते. पिस्तुलात गोळी नव्हतीच.

तिच्या अंत्यविधीच्या दिवशी रात्री ती त्याच्याकडे येते आणि पत्ते सांगते. खेळ होता फारो. आपल्याकडे अंदर-बाहर खेळतात, त्याच्याच जातीचा. खेळणारा आपल्या कॅटमधून एक पत्ता निवडून टेबलावर ठेवतो. बँकवाला दुसऱ्या कॅटमधून एक पान उजवीकडे, एक डावीकडे असं टाकत जातो. आपला पत्ता डावीकडे आला तर आपण जिंकलो, उजवीकडे आला तर बँक जिंकली. कौशल्याला वाव नाही, सगळं आंधळ्या नशिबावर. हेर्मन पहिल्या रात्री तिर्रीवर ४७ हजार लावतो आणि जिंकतो. दुसऱ्या रात्री सत्ती लागते. तिसऱ्या रात्री एक्का डावीकडे पडतो, पण हेर्मनच्या हाताखालून निघते इस्पिकची राणी. पत्ता उचलताना चूक झालेली. तो वेडा होतो, ओबुखोव्ह इस्पितळाच्या १७ नंबरच्या खोलीत जाऊन पडतो. लिझावेताचं एका चांगल्या पगारदार तरुणाशी लग्न होतं आणि तीही आता आपल्या घरी एका गरीब नातलग मुलीला सांभाळते. संपलं.

या मजकुरात संगीतिकेला लागणारं फारच थोडं आहे. नायकाला प्रेम नाही, नायिकेला शोकांत नाही, आणि तिसऱ्या अंकात गायला स्त्री नाही. संहिता लिहिली ती प्योत्रचा धाकटा भाऊ मोदेस्त चायकोव्हस्की याने, तीही मुळात निकोलाय क्लेनोव्हस्की या दुसऱ्याच संगीतकारासाठी. त्याने ते काम सोडलं, आणि शाही नाट्यगृहांचे संचालक इव्हान व्सेवोलोझ्स्की यांनी ते प्योत्रच्या गळ्यात घातलं. दोघा भावांनी मिळून जे बदल केले ते मेलोड्रामाच्या व्याकरणाने बघितले तर अगदी अचूक आहेत. आश्रित लिझावेता काउंटेसची नात लिझा झाली, श्रीमंत आणि वर वाग्दत्त. तिच्यासाठी प्रिन्स येलेत्स्की हा नवा, देखणा, सज्जन वर निर्माण केला. म्हणजे गरीब हेर्मन आणि लिझा यांच्या मध्ये पैशाची भिंत उभी राहिली. मूळ कथेतला हेर्मन पत्त्यांसाठी मुलीचा वापर करतो. संगीतिकेतला हेर्मन आधी मुलीसाठी झुरतो, तिच्यापर्यंत पोचायला पैसा हवा म्हणून पत्त्यांकडे वळतो, आणि मग पत्त्यांच्या नादात मुलीलाच विसरतो. प्रेमाला कीड लागताना प्रेक्षकाला समोर दिसते. टोम्स्कीच्या गाण्यातही एक भर घातली आहे: प्रेमाने वेडा झालेला तिसरा पुरुष गुपित काढून घ्यायला येईल तेव्हा काउंटेस मरेल, हे भाकीत. पहिल्या प्रवेशातच मरणाची तारीख पडल्यासारखी होते.

हे सगळं पुश्किनशी इमान राखून केलेलं नाही, आणि त्यावरून चायकोव्हस्कीला आजवर पुष्कळ बोल लागले. मला ते पटत नाहीत. जो माणूस तीन तास गाणार आहे त्याच्या पोटात काहीतरी पेटलेलं असावं लागतं. कथेतला हेर्मन मनातल्या मनात हिशेब करतो; हिशेबाला चाल लावता येत नाही.

काळही बदलला. पुश्किनची कथा त्याच्या स्वतःच्या काळात घडते. व्सेवोलोझ्स्की यांना साम्राज्ञी कॅथरीनचं अठरावं शतक हवं होतं: टोप, रेशीम, मेणबत्त्या, मेजवानी. चायकोव्हस्कीचं मोझार्टवर निस्सीम प्रेम, त्यामुळे त्याने ही अट आनंदाने स्वीकारली आणि दुसऱ्या अंकातल्या नृत्यसमारंभात मोझार्टच्या वळणाचा एक छोटा गोप-गोपींचा खेळ बसवला. समारंभाच्या शेवटी खुद्द कॅथरीन येणार असते. पण रोमानोव्ह घराण्यातल्या राज्यकर्त्यांना रंगमंचावर दाखवायला तेव्हा बंदी होती. मग काय करायचं? पाहुणे दोन रांगांत उभे राहतात, वाकतात, कॅथरीनच्या काळचं विजयगीत सुरू होतं, सगळ्यांच्या नजरा दाराकडे लागतात, आणि पडदा पडतो. सेन्सॉरच्या अडचणीतून निघालेली ही युक्ती उत्तम नाट्य ठरली आहे. काळाच्या बाबतीत मात्र भावांनी फार काटेकोरपणा केला नाही. लिझा आणि तिची मैत्रीण पोलिना जी गाणी गातात त्यांचे शब्द झुकोव्हस्की आणि बात्युश्कोव्ह या कवींचे, म्हणजे कॅथरीन गेल्यानंतरच्या काळातले.

१८९०च्या जानेवारीत चायकोव्हस्की फ्लॉरेन्सला जाऊन राहिला आणि ४४ दिवसांत त्याने अख्ख्या संगीतिकेचा कच्चा आराखडा लिहून काढला. मोदेस्त पीटर्सबर्गहून संहितेचे प्रवेश पाठवायचा आणि प्योत्र पुढच्या टपालाची वाट बघत बसायचा. काही ठिकाणी तर तो थांबलाच नाही: येलेत्स्कीच्या प्रसिद्ध प्रेमगीताचे आणि कालव्याकाठी लिझा गाते त्या गाण्याचे शब्द त्याने स्वतः लिहिले. लिझा जीव देते तो कालव्याचा प्रवेशही त्याच्याच हट्टाने आला. मोदेस्तला तो नको होता. प्योत्रचं म्हणणं असं की लिझाचं पुढे काय झालं ते प्रेक्षकाला कळलंच पाहिजे, आणि त्या प्रवेशाशिवाय अख्खा तिसरा अंक पुरुषी आवाजांचा होईल. संगीतिकेच्या शेवटी हेर्मन आत्महत्या करतो, तो प्रसंग लिहिताना प्योत्र ढसाढसा रडला. भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने ते सांगितलं आहे. पुश्किनचा त्रयस्थपणा कुठवर मागे पडला, हे त्या रडण्यावरून कळतं.

पहिला प्रयोग १९ डिसेंबर १८९० रोजी, तेव्हाच्या रशियन दिनदर्शिकेप्रमाणे ७ डिसेंबरला, मारिइन्स्की नाट्यगृहात झाला. एदुआर्द नाप्राव्हनिक संगीत संचालन करत होते. हेर्मन झाला निकोलाय फिग्नर, लिझा झाली त्याची पत्नी मेदेया. ती मूळची फ्लॉरेन्सचीच. नृत्यं मारियुस पेतिपाची. काउंटेसच्या भूमिकेत मारिया स्लाव्हिना, वय अवघं बत्तीस. आज ही भूमिका बहुधा कारकिर्दीच्या उत्तरार्धातल्या गायिकेकडे जाते. मार्था म्योड्ल ही जर्मन गायिका तर ऐंशी ओलांडल्यावरही ती करत होती. कारण या भूमिकेत आवाजाची कसरत फार नाही. लागतं ते वावरणं.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी असलेला शयनगृहाचा प्रवेश जवळून बघण्यासारखा आहे, कारण चायकोव्हस्कीने पुश्किनचा थंडपणा जपला असेल तर तो इथेच. पडदा उघडतो तेव्हा खोली रिकामी असते. व्हायोला वाद्यांवर एक छोटी, अस्वस्थ लकेर सुरू होते आणि थांबायचं नावच घेत नाही. वर आवाज दाबून धरलेली व्हायोलिन, खाली डबल बास. हेर्मन आत येतो, भिंतीवरचं काउंटेसच्या तरुणपणीचं चित्र बघतो, चाहूल लागताच लपतो. दासींच्या घोळक्यातून काउंटेस येते. हल्लीच्या मुलांना नाचता येत नाही, गाता येत नाही, अशी तिची कुरकुर चालते. बोलता बोलता ती पॅरिसच्या आठवणींत शिरते आणि फ्रेंच भाषेत एक जुनं गाणं गुणगुणू लागते. ते ग्रेत्री या संगीतकाराच्या १७८४च्या संगीतिकेतलं आहे, म्हणजे या काउंटेसच्या तरुणपणी ते जन्मालाही आलेलं नव्हतं. पण निवड विलक्षण आहे. प्रियकराच्या चाहुलीने काळजात धडधडणाऱ्या एका मुलीचं ते गाणं, आणि गाणाऱ्या ऐंशीच्या म्हातारीपासून चार पावलांवर एक परका पुरुष श्वास रोखून उभा. दासी अजून उभ्याच आहेत हे लक्षात येताच ती त्यांना हाकलते, तेच गाणं पुन्हा, आणखी हळू म्हणते, आणि तिला डुलकी लागते.

हेर्मन समोर येतो. इथून पुढे काउंटेस एक अक्षर गात नाही. तो गयावया करतो, गुडघे टेकतो, पिस्तूल काढतो. ती फक्त बघते, हात वर करते आणि मरते. पुश्किनच्या कथेत ती निदान एवढं तरी सांगते की तीन पत्त्यांची गोष्ट म्हणजे नुसती थट्टा होती. चायकोव्हस्कीने तेही काढून टाकलं. ज्या नाट्यप्रकारात प्रत्येक माणूस मरताना गातो, तिथे हिने गप्प मरावं हा निर्णय मला या संपूर्ण कामातला सर्वांत धाडसी वाटतो. बसवणाऱ्यांची परीक्षाही इथेच असते. खुर्चीतल्या गायिकेने जास्त अभिनय केला, डोळे फिरवले, हातपाय झाडले की प्रसंग मातीत गेला. तिने जवळजवळ स्थिर राहायचं आणि सगळी घालमेल हेर्मनवर सोडायची.

पुढचा, बराकीतला प्रवेश तंत्राच्या अंगाने अवघड. खोलीत एकटा हेर्मन, बाहेर वारा, आणि त्याच्या डोक्यात घुमणारं अंत्यविधीचं वृंदगान. ते विंगेतून गायलं जातं, आणि खालच्या वाद्यवृंदाशी त्याचा मेळ बसवण्यासाठी आत वेगळा संचालक उभा करावा लागतो. खिडकीवर थाप, मेणबत्ती विझते, दार उघडतं. भूत आपलं बोलणं एकाच स्वरावर गातं, चढ नाही, उतार नाही. भीती वाटते ती या सपाटपणाची. भूत दाखवायचं की नुसता आवाज ऐकवायचा, हे दिग्दर्शकाने ठरवायचं. दाखवलं तर ते खरं ठरतं, लपवलं तर हेर्मन वेडा ठरतो. दोन्ही शक्यता जिवंत ठेवणं पुश्किनला एका वाक्यात साधलं होतं; रंगमंचावर ते महाकर्मकठीण.

१९३५मध्ये दिग्दर्शक व्सेवोलोद मेयरहोल्डने लेनिनग्राडच्या माली ऑपेरा नाट्यगृहात हा सगळा हिशेब उलटा फिरवला. संगीत चायकोव्हस्कीचं, गोष्ट मात्र पुश्किनची, असा त्याचा निर्धार होता. व्हालेंतिन स्तेनिचकडून त्याने संहिता नव्याने लिहवून घेतली आणि काळ पुन्हा पुश्किनच्या पिढीत आणला. उन्हाळी बागेत मुलं सैनिक-सैनिक खेळतात तो सुरुवातीचा रम्य प्रवेश गेला, त्याजागी जुगाऱ्यांची बैठक आली. येलेत्स्की गेला. आत्महत्या करणारा हेर्मन गेला आणि ओबुखोव्ह इस्पितळातला वेडा हेर्मन परतला. सामुइल सामोसुद यांच्या संचालनाखाली २५ जानेवारीला पहिला प्रयोग झाला. संगीतकार शोस्ताकोविचला हे काम फार आवडलं होतं. माझं मत विचाराल तर मेयरहोल्डला कथेचं मर्म कळलं होतं, पण येलेत्स्कीला काढून त्याने संगीतिकेचा एक पाय कापला. हेर्मनचं वेड मोजायला शेजारी एक शहाणा, प्रेमळ माणूस लागतो. तरीही तो प्रयोग बघायला मिळायला हवा होता, असं फार वाटतं. नंतर काही वर्षांत स्तेनिच आणि मेयरहोल्ड दोघांनाही अटक झाली आणि दोघांनाही गोळ्या घालून मारण्यात आलं; मेयरहोल्डला २ फेब्रुवारी १९४० रोजी.

चार दशकांनी दिग्दर्शक युरी ल्युबिमोव्हने तोच धागा पकडला. पॅरिसच्या ऑपेरासाठी त्याने आणि संगीतकार आल्फ्रेड श्निट्के याने मूळ संगीतात काटछाट करून मध्ये पुश्किनच्या गद्याचं वाचन घालायचं ठरवलं. मार्च १९७८मध्ये बोल्शोई नाट्यगृहातले वाद्यवृंद-संचालक आल्गिस झुराइटिस यांनी ‘प्रावदा’मध्ये पत्र लिहून या ‘विटंबने’विरुद्ध आवाज उठवला आणि प्रयोग बारगळला. ल्युबिमोव्हला तो जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत प्रत्यक्ष उभा करायला १९९० उजाडलं. एका संगीतिकेत काय कापायचं यावरून सत्ताधारी पक्षाच्या वर्तमानपत्रात रान उठावं, यात राजकारण होतंच. पण वाद मुळात जुनाच होता: ही गोष्ट कुणाची, पुश्किनची की चायकोव्हस्कीची?

अलीकडच्या दोन प्रयोगांनी या वादाला बगल देऊन तिसरी वाट काढली, योगायोगाने दोन्ही मूळ अॅमस्टरडॅमचे. लेव्ह दोदिनने १९९८मध्ये सगळी संगीतिका इस्पितळातच मांडली: मेजवान्या, बागा, प्रेम हे सगळं १७ नंबरच्या खोलीतल्या रुग्णाला आठवतंय. संगीताला फारसा हात न लावता पुश्किनचा शेवट त्याने सुरुवातीलाच आणून ठेवला. स्टेफान हेरहाइमने २०१६मध्ये खुद्द चायकोव्हस्कीलाच पात्र केलं. तो रंगमंचावर वावरत ही संगीतिका लिहीत राहतो आणि तोच येलेत्स्की म्हणून गातो. दोदिनची मांडणी मला जास्त भावते, कारण तिथे भूत खरं की खोटं हा प्रश्नच वेगळ्या रीतीने सुटतो: रुग्णाच्या आठवणीत भूत आणि माणूस यांचा दर्जा सारखाच.

शेवटच्या प्रवेशात मात्र प्रत्येकाला त्याच जागी अडायला होतं. पत्ता हाताच्या पंजाएवढा, आणि सर्वांत वरच्या सज्जात बसलेल्या माणसाला तो दिसणार कसा? पुश्किनला ही अडचण नव्हती. त्याच्या कथेत पत्त्यावरची राणी डोळा मिचकावते, कुत्सित हसते, आणि हेर्मनला म्हातारीचा चेहरा दिसतो. संगीतिकेत तिसऱ्या डावाला हेर्मनविरुद्ध उभा राहतो तो येलेत्स्की, ज्याची वधू हेर्मनमुळे कालव्यात बुडाली. हेर्मन एक्का म्हणून पान उलटतो आणि त्याच्या हातात राणी आहे हे येलेत्स्की त्याला सांगतो. कुणी दिग्दर्शक या क्षणी काउंटेसला टेबलाजवळ उभी करतो, कुणी मागच्या भिंतीवर भलामोठा पत्ता उमटवतो. याची खरं तर गरज पडू नये. काउंटेसचे स्वर तोवर प्रेक्षकाच्या कानात इतके मुरलेले असतात की वाद्यवृंदाने ते काढले की कोणतं पान निघालं ते वरच्या सज्जातही कळतं, येलेत्स्कीने तोंड उघडण्याच्या आधी.